भेटायला आलेली माणसं

"भेटायला येऊ नगा, अन् राहवतच नसंल तर भूकंपात बघितलं तसं लांबूनच बघा." केवळाबाईनं हे फोनवर आपल्या थोरल्या जावेला, सुभद्राबाईला ऐकवलं, आणि संध्याकाळपर्यंत ते उदगीरच्या सगळ्या भावकीत पोचलं.

केवळाबाईच्या जिभेला हाड नाही, असं भावकी म्हणे. ती जीभ कुठं घडली ते मात्र भावकी सोयीनं विसरली होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी औसा तालुक्यातलं तिचं सासर पहाटेच्या भूकंपात कोसळलं. ती आणि नवरा हणमंत दगडांतून जिवंत निघाले. सासू-सासरे निघाले नाहीत. मग माणसं आली. काही खरोखर दगड उपसायला आली, त्यांची नावं कुणी विचारली नाहीत. बाकीची बघायला आली. जीप करून, जेवणाचे डबे बांधून, लेकराबाळांसकट. उदगीरचे नातेवाईक नाकाला रुमाल लावून बांधावर उभे राहिले आणि तिथूनच परतले. गॉगलवाल्या एका बाईनं विचारलं, "तुमच्या घरचे किती गेले?" केवळाबाई म्हणाली, "दोन." बाईचं तोंड उतरलं. शेजारी सात गेले होते, ती तिकडं वळली.

तेव्हापासून कुणी कळवळ्यानं बोलू लागलं की केवळाबाई त्या माणसाकडं नासक्या भाजीकडं बघावं तशी बघायची.

पुढं दोघं लातूरला आले. शहराला तेव्हा क्लासचं वेड लागत होतं. गॅरेजमध्ये, जिन्याखाली, जनावरं हलवून मोकळ्या केलेल्या गोठ्यातसुद्धा फळे लागत होते. सुभद्राबाईचे यजमान भगवानराव हे हणमंतचे थोरले चुलतभाऊ. त्यांनी उदगीरच्या शाळेतली नोकरी सोडून लातूरला क्लास काढला आणि ते 'सर' झाले. हणमंत त्यांचा शिपाई झाला. रस्त्यावरच्या बोर्डावर दरवर्षी नव्या पोरांचे चेहरे लागत; मधला सरांचा चेहरा तोच असे, फक्त दरवर्षी आणखी मोठा.

राजकन्या, केवळाबाई-हणमंतची एकुलती पोर, दहावीत होती तेव्हा तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. सोलापूरला केमो सुरू झाली. डॉक्टरांनी सांगितलं, या औषधांनी पांढऱ्या पेशी उतरतात, कुणाची साधी सर्दीही पोरीला झेपायची नाही; घरात गर्दी नको, ताप जिवावर बेतेल. केवळाबाईला हे एकदाच सांगावं लागलं. ती पाणी उकळायची, ताटवाटी उकळायची, फोडांनी भरलेल्या तोंडात चमच्यानं पेज घालायची. बाकीच्यांना मात्र ते कधी कळलं नाही. आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे वैर; म्हणून लोक केळी घेऊन येत, आणि केळ्यांबरोबर मेलेल्यांच्या हकिकती.

"माझ्या भावजयीला बी हेच झालतं," शेजारची सरजाबाई दारातूनच म्हणाली. "लई देखणी व्हती बिचारी."

केवळाबाईनं केळी तिच्याच हातात परत ठेवली. "तिच्या लेकरांना द्या."

"आई, तू लई टोचून बोलतीस," राजकन्या मास्कच्या आडून हसली.

"मग? दवाखान्यात फुकट बसून राहिले व्हय? तिथंच शिकले."

तिसऱ्या केमोनंतर पेशी पार तळाला गेल्या. केवळाबाई औषध आणायला निघाली. "दार उघडू नगा. देव आला तरी."

"हाव," हणमंतनं मान डोलावली.

ती परतली तर दाराबाहेर चपलांचा ढीग. आत उदगीरहून जीप भरून आलेली भावकी बसलेली. खुर्चीत भगवानराव. पोरीच्या पलंगावर सुभद्राबाई, तिच्या केस गेलेल्या डोक्यावरून हात फिरवत. राजकन्या मास्क घट्ट धरून भिंतीला चिकटलेली. हणमंत खाली मान घालून चहा गाळत होता.

"सरांना दारातून कसं परत लावू?" तो पुटपुटला.

"ये केवळा," सुभद्राबाई म्हणाली. "तू येऊ नगा म्हणलीस म्हणून आम्ही माणुसकी सोडावी काय?"

"अक्का, उठा. समदे बाहेर व्हा. पोरीला ताप आला तर मरंल ती."

"शुभ बोलावं," भगवानराव म्हणाले. "पॉझिटिव्ह राहायचं. मी क्लासात पोरांना हेच सांगतो. दोन मिनिटं. चहा झाला की निघताव."

कोपऱ्यातला एक म्हातारा खोकला, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि जागच्या जागी जास्तच ऐसपैस झाला. "चहा न घेता उठलं तर हणमंताचा अपमान की."

केवळाबाईनं तोंड उघडलं. सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. त्या चेहऱ्यांवर तिला हावरट उत्सुकता दिसली: आता ही काहीतरी भयंकर बोलणार, आणि उदगीरला परतताना वाटेवर चघळायला पुरणार. बोलण्यात जाणाऱ्या प्रत्येक क्षणी पोर या गर्दीचीच हवा घेणार होती.

तिनं तोंड मिटलं. खुंटीवरची ओढणी काढून राजकन्याचं डोकं, खांदे गुंडाळले, सुभद्राबाईचा हात बाजूला केला, पोरीला कमरेत धरून उभं केलं, आणि भरलेलं घर पाहुण्यांच्या हवाली करून ती तिला घेऊन बाहेर पडली.