मुलीचं नाव लावलेला किडा

गल्लीत त्यांना किडेमास्तर म्हणत. शिकवत ते कुणालाच नव्हते. जिथे उजेडसुद्धा जायला घाबरतो अशा समुद्रतळाचा चिखल चाळायचा आणि त्यातले केसाहून बारीक सूत्रकृमी भिंगाखाली ओळखायचे, हा त्यांचा धंदा. ओंजळभर चिखलात हे शेकड्यांनी निघत, आणि बहुतेक बिननावाचे. मेहुणा विचारी, हे खातात का तरी? मास्तर गंभीरपणे सांगत की तेही तुमच्याबद्दल हेच विचारतात.

त्यांची एकुलती एक मुलगी सहाव्या वर्षी तापाने गेली. पुढे जी नवी जात सापडली, तिला मास्तरांनी मुलीचं नाव लावलं. सासूबाई म्हणाल्या, लोक फुलाला नाव देतात, आमच्या जावयाने जंताला दिलं. बायकोने ऐकून घेतलं. पण त्या किड्याचं चित्र चौकट करून भिंतीवर लावलं, आणि आल्यागेल्याला चहाच्या आधी चित्रातली शेपटीच दाखवू लागली.

मग पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाच्या समुद्रातून किडे चिकटवलेल्या काही काचपट्ट्या तपासायला आल्या. तिथल्या एका जातीला कुणीतरी फार पूर्वीच नाव देऊन ठेवलं होतं. ती आणि मास्तरांची, दोन्ही एकच निघाल्या तर नियमाने जुनं नाव राहणार, मुलीचं जाणार. कचेरीतला साहेब भला माणूस. म्हणाला, एवढ्या खोल बघायला कोण जातंय, वेगळ्या म्हणून टाका.

मास्तरांनी भिंगावरून मान काढली नाही. कुठे एखादा केस जास्त निघावा, कुठे काटा जरा सरळ! आयुष्यात पहिल्यांदाच ते किड्यापुढे हात पसरून बसले. किडा कसला ऐकतोय? ज्यावरून जात ठरते तो नराच्या शेपटीजवळचा काटा दोन्ही समुद्रांत सारखाच वाकडा होता.

घरी त्यांनी बूटही न काढता सांगितलं.

बायको भाजी चिरत होती. म्हणाली, "चष्मा विसरला असतात एक दिवस, तर काय बिघडलं असतं?"

मास्तरांनी समजावलं की नाव अगदी पुसत नाहीत. खऱ्या नावाखाली बारीक अक्षरात कायम छापतात.

"नुसतं नाव?"

"पुढे शेरा असतो."

"काय शेरा?"

मास्तर वाकून बुटाची नाडी सोडू लागले.

"सांगा ना."

"बाद."

तिची सुरी थांबली. "तेवढं लिहू नका," ती म्हणाली. "दुसरं काहीही लिहा."

सकाळी मास्तरांनी शब्दकोश काढला, दोनतीन शब्द कागदावर लिहून बघितले आणि खोडले. शास्त्राला दुसरा शब्द ठाऊक नव्हता. दुपारी त्यांनी मुलीचं नाव लिहिलं, आणि पुढे तोच.