चोरओटीच्या दिवशी

तिसरा गर्भ गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी आम्हा नवरा-बायकोचं रक्त तपासणीसाठी मुंबईला पाठवलं. निकाल ऐकायला मी एकटाच गेलो. बायकोची शाळा होती. मी मकरपुऱ्याच्या कारखान्यातून सुटलो तो कंपनीच्या कपड्यांतच त्यांच्यासमोर बसलो.

"जुओ भाई, बघा, मिसेसचं सगळं बरोबर आहे. फरक तुमच्यात आहे."

टेबलावरचं एक निळं आणि एक लाल पेन घेऊन त्यांनी टोपणांची अदलाबदल केली. "तुमच्या दोन गुणसूत्रांचे तुकडे असे बदललेत. तुमच्यात काही कमी नाही, जास्त नाही, म्हणून तुम्ही धडधाकट. पण बाळाकडे यातलं एकच बदललेलं गेलं, की एक टोपण जास्त आणि एक कमी. तसा गर्भ बहुतेक टिकत नाही." मग विचारलं, "भाऊबहीण?"

"धाकटी बहीण. नुकतंच लग्न झालंय."

"हे आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं असू शकतं. दिवस राहायच्या आधी तपासून घ्यायला सांगा तिला."

मी हो म्हणालो. कारेलीबागेत घरी पोचेपर्यंत स्कूटरवर वाक्यं जुळवत होतो. आईने दार उघडलं आणि विचारलं, "काय निघालं हिच्यात?"

"काही नाही. दोघांचंही बरोबर आहे."

बायको पाण्याचा पेला घेऊन उभी होती. तिचा चेहरा उतरला. काहीतरी कारण सापडेल, निदान कशाशी भांडायचं ते कळेल, एवढीच तिची आशा होती. ते मला दिसलं आणि तरी मी पाणी पिऊन टाकलं. आमच्यात असलं कधी नव्हतं, हे आईचं ठरलेलं वाक्य. माझ्यात आणि बहिणीत नऊ वर्षांचं अंतर का, हे मात्र घरात कोणी बोलत नसे.

पुढच्या वर्षी बहिणीला दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात आईने तिला चोरओटीसाठी सासरहून, छाणीहून बोलावून घेतलं. चोरओटी म्हणजे बाहेर कळू न देता घरातल्याच बायकांनी भरायची. नारळ, तांदूळ, हिरवा खण, सगळं माझ्या बायकोनेच निवडून आणलेलं. ताट मांडून झाल्यावर आई तिला म्हणाली, "तू जरा भाजी घेऊन ये. घाई नको करूस."

भाजी सकाळीच आणली होती. बायकोने पिशवी घेतली, चपला घातल्या आणि गेली.

"वहिनी कुठाय?" पाटावर बसलेल्या बहिणीने विचारलं. "भाजीला पाठवलंस की हद्दपार केलंस गं आई?"

"शुभ कामात दात काढू नये. पदर धर नीट."

"दादा, तू तरी बोल ना."

मी बाहेरच्या खोलीत होतो. "आई म्हणते तसं कर," म्हणालो. तेव्हा तरी तिला सांगता आलं असतं.

महिना भरायच्या आत तिला रक्त जाऊ लागलं. ती आमच्याकडेच होती. बायकोने गच्चीवरच्या विटा आणून तिच्या खाटेच्या पायथ्याखाली लावल्या. किती उंच लावायच्या हे तिला कोणाला विचारावं लागलं नाही. दोन दिवसांत सगळं संपलं. आई स्वयंपाकघरात, ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "त्या दिवशी भाजीला जाताना फाटकातून मागे वळून बघितलं असणार हिने."

विटा परत गच्चीवर नेताना बायको मला म्हणाली, "मी वळून नव्हतं हो बघितलं."

मी तिच्या हातातल्या विटा घेतल्या. एवढंच केलं.

बहिणीचा दुसराही गेला, तेव्हा मी बोललो. आई झोपली होती, बहीण आणि बायको वाटाणे सोलत होत्या. पेनांचं सुद्धा सांगितलं. बहिणीने हातातली शेंग परत ताटात टाकली. बायकोने एकच विचारलं, "चोरओटीच्या दिवशी तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

तिने उरलेले वाटाणे सोलले. पुढच्या आठवड्यात त्या दोघी तपासणीला गेल्या. मला सोबत येऊ दिलं नाही. बहिणीतही तेच निघालं. आमचा मुलासाठीचा प्रयत्न तिथेच थांबला. बायकोने तो विषय पुन्हा काढला नाही.

"आईंना तुम्ही सांगायचं," एवढं मात्र तिने बजावलं. मी आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिलो. आई अंथरुणाला खिळली तेव्हा बायकोच तिला भरवायची. एका दुपारी पेज गिळता गिळता आई म्हणाली, "माझेही गेले हो मधले. मी थोरल्या जाऊबाईंना, मूल नव्हतं त्यांना, ओटी भरू दिली होती ना. म्हणून तुला नको म्हटलं त्या दिवशी. राग धरू नकोस."

बायकोचा चमचा वाटीत थांबला. तिने माझ्याकडे बघितलं. "सांगा ना," ती म्हणाली.

"काय रे?" आईने विचारलं.

मी पायाशी बसलो होतो. "काही नाही. पेज निवतेय," म्हणालो, आणि तिची चादर सारखी केली. बायकोने वाटी माझ्या हातात दिली आणि ती खोलीबाहेर गेली. उरलेली पेज मी भरवली.