नाहरगडाचा उतार आणि सासऱ्यांचं नाक

माझ्या नव्या ऑटोमॅटिक गाडीत सासरे एकदाच बसले. नाहरगडावरून उतरताना मी ब्रेकवर पाय असा रोवला, की जळका वास पार आमेरच्या माकडांपर्यंत गेला. त्यातल्या दोन माकडांनी नाकं दाबलेली मी स्वतः पाहिली. पायथ्याशी सासरे उतरले आणि ऑटोनं घरी गेले. जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवलेला माणूस! रोजच्या फिरण्याला त्यांनी तोच ऑटो लावून टाकला. झोटवाड्यातली अख्खी गल्ली मला विचारायला लागली, "जमाईजी, गाडी आपकी, और बाबूजी ऑटो में?" बायको विचारायची नाही, नुसती बघायची. ते जास्त वाईट.

शेवटी मी गाडीचं पुस्तक उघडलं. स्टिअरिंगच्या मागे दोन पाती होती. मी ती शोभेची समजून एकावर जपमाळ अडकवली होती. उजवं ओढलं की वरचा गिअर, डावं ओढलं की खालचा. उतारावर गिअर खाली आणला की इंजिनच गाडीला आवरतं, ब्रेकला आराम. धावतच सासऱ्यांकडे गेलो.

"म्हणजे गिअर तुम्ही बदलता?"

"तसं नाही, बाबा. पातं म्हणजे नुसतं बटण. मी मागायचं, गाडीचा कॉम्प्युटर बघणार. वेग फार असताना पहिला मागितला तर टूं करून नाही म्हणतो."

"मग तुम्ही कसले ड्रायव्हर, जावईबापू? तुम्ही अर्जदार!"

तरी तयार झाले. "एकदाच. वास आला तर कायमचा ऑटो."

पुन्हा तोच उतार. वळणं अशी, की मला माझ्याच गाडीची मागची नंबरप्लेट वाचता आली. डावं पातं, टक, तिसरा. टक, दुसरा. इंजिन गुरगुरलं, गाडी म्हशीसारखी निवांत उतरायला लागली. ब्रेक फक्त वळणावर, तोही चोरून. सासऱ्यांची नजर रस्त्यावर नव्हतीच, माझ्या उजव्या पायावर होती.

खाली पोचताच उतरले. वाकून चाकाजवळ तळहात नेला. नोकरीत इंजिनाची चाकं तापलीत का ते असंच बघायचे. मग हुंगलं. एकदा. दोनदा. समोरचा कचोरीवाला झारा हातात धरून तसाच थांबला.

सासऱ्यांनी खिशातून फोन काढला.

"भैया, कल से मत आना."

आणि माझ्याकडे न बघता, पुढच्या सीटवर बसून पट्टा लावला.