सड्यावरून आणलेले फूल

भिजलेल्या कातळावर ऊन पडले की त्यातून एक वास वर येतो. थोडा लोखंडाचा, थोडा शेवाळाचा, आणि त्यात कुठेतरी पायाखाली चुरगळलेल्या गवताचा. भाद्रपद सरता सरता हा वास आमच्या डोंगरात चार दिवस मुक्कामाला येतो. इतरांना तो आल्हाद देतो. मलाही देतो, नाही कसे म्हणू? पण माझ्या त्या आल्हादाच्या टाचेत एक काटा आहे. हा वास सुटला की घरातली पोरे गोळा होतात, शर्यतीची गोष्ट सांगा म्हणतात, आणि मी सांगतो. ती गोष्ट मी आजवर किती वेळा सांगितली असेल! खरी मात्र एकदाही सांगितली नाही. टाळत आलो. यंदा गावच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, “आजोबा, पहिल्या शर्यतीत तुम्ही पहिले आलात, मुलांसाठी चार ओळी लिहून द्या.” लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला हात अडला. आयुष्यभर तोंडाने बिनदिक्कत खोटे बोललेल्या माणसाला तेच कागदावर उतरवताना लाज वाटावी, हे नवल नव्हे काय?

तेव्हा, वाचकहो, हे आधी तुम्हालाच सांगतो.

पाटणच्या पश्चिमेला, कोयनेच्या खोऱ्यात, डोंगराच्या मांडीवर झोपलेल्या पोरासारखी आमची वाडी आहे. ती मोठ्या लढाईची वर्षे होती. वाडीतले निम्मे तरणे हात पलटणीत गेले होते आणि आम्ही पोरे भैरोबाच्या देवळात बाराखडी घोकत होतो, कारण शाळेला वेगळी इमारत नव्हती. पावसाळ्यात प्रत्येक पोर डोक्यावर पानांचे इरले घेऊन यायचे. ती इरली देवळाच्या पायरीशी ओळीने पालथी घातली की लांबून पाहणाऱ्याला वाटावे, आज कासवांची शाळा भरली आहे! आत पाढे चालत आणि बाहेर पाऊस. कोणाचा आवाज मोठा याची पैज असे. बहुधा पाऊसच जिंके.

आणि खेळ! डोंगरातल्या पोराला खेळ शिकवावा लागतो का? वडाच्या पारंब्यांना आम्ही हातापायांपेक्षा जास्त ओळखत होतो. केळीच्या सोपटावर बसून ओल्या गवताच्या उतारावरून सुटलो की थेट ओढ्यात. चड्डीची मागची बाजू आणि आईचा धपाटा यांचे नाते तेव्हापासूनचे. हुतुतू मात्र सुगी झाल्यावर खळ्यात, कारण वाडीत सपाट म्हणावी अशी तेवढीच जागा होती.

अशा या वाडीत आमचे मास्तर आले ते पलूसकडून, कृष्णाकाठच्या काळ्या सपाट रानातून. नजर पोचेल तिथवर ऊस आणि ज्वारी पाहिलेला माणूस. आमचा पाऊस पाहून ते पहिले आठ दिवस बोललेच नाहीत. पायाला जळू लागली तेव्हा मात्र बोलले, आणि असे बोलले की भैरोबाच्या गाभाऱ्यातल्या पाकोळ्या उडाल्या. पण माणूस सोन्याचा. त्यांना वाटे, पोरांनी फळ्याइतकेच मैदानही पाहिले पाहिजे. दिवाळीच्या सुट्टीहून येताना त्यांनी एक रबरी चेंडू आणला. चेंडू! लढाईच्या टंचाईत ती केवढी अपूर्वाई! देवळापुढच्या अंगणात त्यांनी आम्हाला दोन बाजूंना उभे केले, नियम समजावले आणि चेंडूला पहिली लाथ मारण्याचा मान स्वतः घेतला.

तो चेंडू अंगणाच्या कडेवरून गेला, पहिल्या खाचरात टप्पा खाल्ला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि अख्खी शाळा त्याच्या मागे. शेवटी त्याने नदीत उडी घेतली. आम्ही काठावर धापा टाकत उभे राहिलो. मास्तर मागून धोतर सावरत आले, वाहत्या पाण्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “गेला! ही कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि कृष्णा आमच्या गावावरून जाते. माझ्याआधी माझा चेंडू घरी पोचला रे!” आम्ही हसून हसून वाळूत लोळलो. तेही आमच्याशेजारी लोळले. अजूनही एखादी नदी पाहिली की मला वाटते, हिने कोणाचे खेळणे पळवले असेल आणि कोणाच्या दारी नेऊन ठेवले असेल?

त्या दिवशी मास्तरांना एक गोष्ट कळली. सपाटीवरचे खेळ आडवे असतात, डोंगरातला खेळ उभाच असायला हवा. पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस त्यांनी सड्याची शर्यत काढली. डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाला आमच्याकडे सडा म्हणतात. देवळापासून निघायचे, सड्यावर जायचे आणि परत यायचे. वाट ज्याची त्याने निवडायची. पण वर जाऊन आल्याची खूण काय? मास्तरांनी खूण शोधली ती अशी की अजून दाद द्यावी. भाद्रपदात सड्यावरच्या पाझरत्या कातळावर एक नखाएवढे निळे-जांभळे फूल येते. त्याला सीतेची आसवं म्हणतात. ते खाली कुठे मिळत नाही आणि खुडले की पाहता पाहता मान टाकते. आदल्या दिवशी आणून ठेवायची सोय नाही. “टवटवीत फूल जो आधी आणेल तो पहिला,” मास्तर म्हणाले. “आणि पहिल्याला माझ्या गावची गुळाची ढेप फोडायचा मान.”

मला पहिला यायचेच होते. का ते विचारू नका. अकराव्या वर्षी कारणे लागत नाहीत. सगळी पोरे पायवाटेने गेली, मी जवळची म्हणून घळ धरली. अर्ध्यावर टाचेत करवंदीचा काटा असा घुसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाय टेकवेना. खडकावर बसलो आणि, आता लपवायचे काय, रडू लागलो.

वरून हसू आले. धनगरवाड्यातली ठकू म्हशी घेऊन घळीच्या काठाला उभी होती. माझ्याच वयाची, हातात काठी, लुगड्याचा काचा मारलेला. धनगरवाडा सड्यापलीकडे होता, तिथली पोरे शाळेत येत नसत. “आरं गड्या, रडतुयास व्हय? आमचं रेडकू बी असलं वरडत न्हाई!” मी शर्यतीचे सांगितले. तिला ते ठाऊक होते. सकाळपासून ती वरून आमच्याकडेच बघत होती. “कसलं फूल पायजे, आसवं? हितंच बस,” म्हणाली, आणि गेली. ती कशी गेली हे मला आजही सांगता येत नाही. घळीच्या उभ्या अंगावरून पाणी खाली येताना पाहिले आहे. ती तशी वर गेली. मी डोळे पुसतो न पुसतो तोच परत. पानाच्या द्रोणात ओले शेवाळ, त्यात ते फूल. मग तिने करवंदीचाच दुसरा काटा मोडून माझा काटा काढला आणि माझी टाच हातात धरूनच म्हणाली, “फुकट न्हाई हां. मास्तरला सांगायचं, ठकू सगळ्यांपरीस पळती. मला बी पळायचंय. आन् मग साळंत बी यीन. बाबाला मास्तरनं सांगितलं तर त्यो न्हाई म्हननार न्हाई.” मी भैरोबाची आण घेतली. खरी घेतली. त्या क्षणी माझ्या मनात दुसरे काही नव्हते, एवढे तरी माझ्या बाजूने लिहू द्या.

उतारावर टाच दुखत होती, पण उतार डोंगरातल्या पोराला अंगावर घेतो. सगळ्यांच्या आधी मी देवळाशी पोचलो. मास्तरांनी फूल पाहिले, मला उचलले, पोरांनी खांद्यावर घेतले, ढोल आला. ढेपेवर मी दगड मारला आणि गुळाचे खडे अंगणभर उडाले, त्यामागे पोरे, कोंबड्या आणि एक देवाचा बोकड! इतका निर्भेळ आनंद मी पुढे कधी अनुभवला नाही. निर्भेळ म्हणतो खरा. पण अंगणाच्या टोकाला जांभळीखाली ठकू उभी होती. झाडीतून माझ्याआधी उतरून आली होती. शर्यत तिने दोनदा जिंकली होती, एकदा चढून, एकदा उतरून. आणि ती माझ्याकडे बघत होती.

“ती पोरगी कोण रे?” मास्तरांनी विचारले.

केवढा सोपा प्रश्न! देवच जणू उत्तर सांगत होता. मास्तरांनी तिला घेतले असते. घरोघर फिरून पोरी शाळेत आणणारा माणूस तो. सड्यापलीकडेही आनंदाने गेला असता. पण मी खांद्यांवर होतो. तिचे नाव घेतले तर फुलाचे सांगावे लागणार, आणि फुलाचे सांगितले की खाली उतरावे लागणार. मी तिच्याकडे हात केला आणि म्हणालो, “कोण की मास्तर. म्हस चुकली असंल तिची.” मास्तरांनी तिच्याकडे पाहिले, मान हलवली आणि ढोलाकडे वळले. मी पुन्हा पाहिले तेव्हा जांभळीखाली फक्त सावली होती. तिच्यासाठी म्हणून गुळाचा एक खडा मी खिशात ठेवला होता. दिवेलागणीपर्यंत तोही खाऊन टाकला.

उद्या सांगू म्हटले. मग पुढच्या शुक्रवारी. मग मास्तरांची बदली झाली, ठकूचे लग्न सड्यावरच्याच दुसऱ्या वाड्यात झाले, मी शिकायला कऱ्हाडला आणि नोकरीला सांगलीला गेलो. शर्यत मात्र टिकली. दर भाद्रपदात शाळा ती धावते आणि मला झेंडा दाखवायला बोलावते. मोठे झाल्यावर माणूस मोठ्या चुकांची कबुली सहज देतो, असे मी पाहिले आहे. लहानपणीची लहान चूक मात्र घशातून निघत नाही. ती आपल्याबरोबर वाढते म्हणून की काय, कोण जाणे.

निवृत्त होऊन वाडीत परतलो, तेव्हा एकदा धीर केला. पलूसच्या बाजारातून मुद्दाम गुळाची ढेप आणवली आणि सडा चढलो. भाद्रपदच होता. झोपडीपुढे एक म्हातारी शेणी थापत होती. “आवं, कोन पायजे?” मी नाव सांगितले, वाडी सांगितली. तिने कपाळावर हात आडवा धरून पाहिले, आणि तेच हसू. “आगं बया! काट्याचा गडी न्हवं तू? आन् एवढी ढेप? या वयात कुनाची सुपारी फोडायला आलायस रं?” आतून सुनेचे हसू ऐकू आले. ठकूने मला टाच दाखवायला लावली. दूध दिले. मी शब्द जुळवत होतो. वाटेने येताना ते पाठ केले होते.

तेवढ्यात तीच म्हणाली, “एक इचारू? लय वरसं मनात हाय. तवा जांभळीखालनं मी बगत व्हते. तू माझ्याकडं हात करून मास्तरला सांगितलंस. त्यानं बगितलं आन् त्वांड फिरवलं. काय म्हनला रं त्यो?”

म्हणजे ती मला सच्चा समजत होती! सगळे आयुष्य तिने दोष दिला होता तो मास्तरांना. पाठ केलेले शब्द ओठांवर होते, आणि माझ्या तोंडून निघाले ते हे: “मास्तर म्हनलं, पोरगी वाऱ्यागत पळती. लय हळहळलं. पर त्यांच्या हातात नव्हतं.”

“वाऱ्यागत म्हनला?” ती उठूनच उभी राहिली. “आयकलं का गं? शिकल्यालं मानूस म्हनला, वाऱ्यागत! आन् मी येडी, त्याला शिव्या घालत बसले. देवमानूसच की.” त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर जो उजेड पडला, तो पाहून मी गप्प झालो. तिचा आनंद हिरावू नये म्हणून गप्प झालो, असे मी कित्येक दिवस स्वतःला समजावले. पण खरे सांगा, त्या उजेडात सुरक्षित कोण बसले होते? मीच ना?

सड्याच्या कडेपर्यंत ती पोचवायला आली. माझ्या पुढे पुढे चालत होती. मागे वळून म्हणाली, “चल की रं, का परत काटा मोडला?” पायाखाली ओला कातळ होता, ऊन पडले होते, तो वास दरवळत होता आणि सगळा सडा निळा झाला होता. पुढच्या पावसाळ्याआधी ती गेली.

बाई, मुलांना सांगा, पहिल्या शर्यतीत पहिली आली ती ठकू. यंदा झेंडा दाखवायला मी येईन, पण त्याआधी मला सड्यावर जायचे आहे, गुडघे नेतील तिथवर. नेले नाही तर घळीच्या तोंडाशीच थांबेन. तिथे कोणी हसणार नाही. तरी त्या दिवशी वाटेत पाठ केलेले ते शब्द एकदा मोठ्याने म्हणेन: “ठके, मास्तर कायबी म्हनलं न्हाईत. मी त्यास्नी सांगितलंच न्हाई. चुकलो मी.”