वावरातली हजेरी

शाळेला इमारत लागते, हे आमच्या हेडमास्तरांना उभ्या आयुष्यात कुणी पटवून देऊ शकलं नाही. पारोळ्याजवळच्या एका खेड्यात ते हेडमास्तर होते आणि मी त्यांच्या हाताखालचा एकुलता एक मास्तर. एक खोली, चार इयत्ता आणि आम्ही दोघे. मी जळगावहून ट्रेनिंगचं नवंकोरं सर्टिफिकेट घेऊन आलो होतो, त्यामुळे शिक्षणातलं मलाच काय ते कळतं अशी माझी खात्री होती. हेडमास्तरांना तसलं काही कळत नसे. ते बॅटरीचे संपलेले सेल फोडून आतल्या काळ्या पुडीनं फळा रंगवत. गणितासाठी त्यांच्या खिशात कायम सरकी असे, आणि हिशेब चुकला की ते चुकणाऱ्याला नव्हे, सरकीलाच रागावत. खडू तर ते इतका पुरवून वापरत, की शेवटी फळ्यावर खडू उमटतोय की गुरुजींचं नख, हे सांगणं कठीण जाई. भारताच्या नकाशातली दक्षिण वाळवीनं खाल्ली, तेव्हा त्यांनी ती भिंतीवर गेरूनं पुरी केली. माझ्या मते मद्रास जरा वर सरकलं होतं. "असू दे हो, पोरींना तेवढंच जवळ पडेल," असं त्यांचं उत्तर.

पोरींवर त्यांचा भारी जीव. कापसाची वेचणी सुरू झाली की पोरी शाळेतून नाहीशा होत आणि पुष्कळशा परत येतच नसत. पहिल्याच वर्षी मी त्यांच्याबरोबर एका घरी गेलो होतो. पोरीचा बाप शांतपणे म्हणाला, "गुरुजी, पोर शाळामा गई तं कापूस कोन येची?" मी सक्तीच्या शिक्षणावर बोलायला तोंड उघडलं, तोच हेडमास्तर म्हणाले, "बरं, मंग मी शाळाच वावरमा लई येस."

आणि खरंच शेतात नेली. मी मुलांना घेऊन खोलीत बसे आणि हे हजेरीपट बगलेत मारून कपाशीच्या ओळीतून पोरींबरोबर चालत. एक बोंड वेचायचं, पाढ्याची एक ओळ म्हणायची. कमरेला बांधलेली कापसाची ओटी भरली की बांधावर रिकामी करायची आणि तिथंच पाटीवर चार ओळी लिहायच्या. गुरुजींच्या सदऱ्याला सदा कापूस चिकटलेला असे. मला त्यांच्याबरोबर बाजारात जायला संकोच वाटायचा.

दुसऱ्या वर्षी वेचणीतच तपासणीचे साहेब अचानक आले. खोलीत नऊ मुलं, पटावर हजर बत्तीस. खोटी हजेरी म्हणजे नोकरीवर गदा, आणि पोरींची नावं पटावरून जाणार ती वेगळीच. हेडमास्तर साहेबांना शेतात घेऊन गेले, मागोमाग मीही. साहेबांनी एका पोरीला बांधावर उभं केलं, हाताची घडी घालायला लावली आणि सतराचा पाढा विचारला. पोर चौतीसवर अडली. दुसरी अडली, तिसरी तर रडायलाच लागली. साहेबांनी पेन काढलं. तेवढ्यात हेडमास्तरांच्या काहीतरी ध्यानात आलं आणि ते हात जोडून म्हणाले, "साहेब, चूक माझी आहे. रिकाम्या हातांनी पाढा म्हणायला मी यांना शिकवलंच नाही. यांना ओळीत जाऊ द्या."

पोरी ओळीत गेल्या. हात चालू लागले आणि पाढा सतरा दाहेपर्यंत न अडखळता आला, पुढे अठराचाही आला. साहेब बराच वेळ ऐकत उभे होते. मग त्यांनी शेरेबुकात लिहिलं: मुलींची तयारी उत्तम, शाळा मात्र इमारतीतच भरवावी.

साहेब माणूस वाईट नव्हता, हजेरीही त्यांनी खोटी ठरवली नाही. पण शेरा वर गेला आणि उन्हाळ्यात हेडमास्तरांची बदली दोंडाईच्याकडे झाली. शाळा माझ्या ताब्यात आली. मी ती नियमाप्रमाणे, वेळेवर, इमारतीत भरवू लागलो.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिल्याच सकाळी तिसरीतली एक पोर दारात आली. कमरेला ओटी बांधलेली, हातात पाटी. "गुरुजी, आज शाळा कोना वावरमा शे?"

"शाळा इथंच आहे," मी म्हणालो.

तिनं खोलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पाटी उंबऱ्याच्या आत नीट ठेवली आणि शेताकडे निघून गेली. तिला हाक मारायला हवी होती, तिच्या मागे जायला हवं होतं. मी हजेरीपट उघडला आणि तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं. त्याची लाज मला आजही वाटते. पाटी न्यायला ती परत आली नाही.