सिताराम मेस्तरीचा कान

पिंगळीत स्टेशनच्या रस्त्याला सिताराम मेस्तरीचं गॅरेज होतं. गाडी न उघडता नुसत्या आवाजावरून तिचा रोग सांगायचा, ही त्याची ख्याती. त्या ख्यातीचा त्याला माज होता, हेही सांगितलं पाहिजे. लोक गाडी चालू करून धरायचे. हा डोळे मिटून, मान तिरकी करून निकाल द्यायचा. बघायला चार माणसं असली तर मान जरा जास्तच तिरकी व्हायची.

त्र्याण्णव सालच्या अधिक महिन्यात त्याच्या शेजारी चंद्रभानकडे धोंड्याचं जेवण होतं. चंद्रभान म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा सोबती. लेक कावेरी पोखर्णीला दिलेली. त्याच उन्हाळ्यात झालेल्या लग्नात जावयाला, म्हणजे सूर्यभानला, शोरूममधून कोरी टू-स्ट्रोक मोटारसायकल घेऊन दिली होती. जावई आणि त्याचे वडील भगवानराव अनारसे खाऊन निघाले, तर गाडी चालू होईना. किक मारली की खोकायची, कार्बोरेटरमधून पेट्रोल मागं फेकायची आणि बंद पडायची. मग सितारामला हाक गेली.

अंगणात सगळे सोयरे उभे. सितारामनं मान तिरकी केली, दोन किका ऐकल्या आणि म्हणाला, "बोअर संपलाय. लय पळालेलं इंजन हाय हे. मला इचाराल तर आधी एकदा उघडलेलं दिसायलंय."

"म्हंजे जुनीच गाडी रंग देऊन आमच्या गळ्यात मारली!" भगवानराव कडाडले.

"कागद शोरूमचे हायत की हो," चंद्रभान काकुळतीला आला.

"कागदाचं काय सांगता? कागद कुठंबी करून मिळतेत!"

तेवढ्यात सितारामनं स्वतः एक किक मारून बघितली. पायाला दाब घट्ट लागला. झिजून संपलेल्या बोअरला, म्हणजे पिस्टन फिरतो त्या नळकांड्याला, असा दाब नसतो, हे त्याला त्याच क्षणी कळलं. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि एवढ्या माणसांत तो मागं घ्यायला त्याची जीभ उचलेना. भगवानराव कावेरीला माहेरीच सोडून मुलासकट मिळेल त्या जीपनं निघून गेले. गाडी गॅरेजात आली.

दुसऱ्या दिवशी सितारामनं हेड उघडलं. आत बोअर आरशासारखा लख्ख. मग कार्बोरेटर उतरवून त्यामागचा रीडचा ठोकळा काढला. त्यावर पत्र्याच्या पातळ पात्या असतात. पेट्रोल आणि हवा आत जाऊ द्यायची, परत फिरू द्यायची नाही, एवढंच त्यांचं काम. ठोकळा उन्हाकडे धरला, तर एका पातीचा कोपरा तडकून वर उचललेला, आणि फटीतून उजेड येत होता. एवढ्याशा पातीपायी त्यानं एका पोरीचा संसार उघड्यावर आणला होता.

नव्या पात्या औरंगाबादहून यायच्या होत्या, आणि विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे एसट्या कधी धावत, कधी नाही. सितारामला त्याचं बरंच वाटलं. पार्ट आला की पोखर्णीला जाऊन सांगू, असं तो स्वतःशीच म्हणाला. आता, खरं बोलायला कुठला पार्ट लागतो?

एका दुपारी कावेरीच गॅरेजात आली. "काका, गाडी खरंच जुनी होती का? माझ्या आबांला इचारलं, तर ते ताटावरून उठून गेले."

सितारामचे कान तापले. "पार्ट येऊ दे बाई," एवढंच तो बोलला, आणि ती गेल्यावर आधीच स्वच्छ असलेला पाना पुसत बसला.

पात्या आल्या. त्यानं त्या सपाट बसवल्या, ठोकळा उन्हाकडे धरला. उजेड आला नाही. गाडी एका किकमध्ये चालू झाली. तडकलेली पाती खिशात टाकून तो पोखर्णीला गेला.

भगवानराव नरसिंहाच्या देवळासमोर चार माणसांत बसले होते. सितारामनं पाती त्यांच्या हातावर ठेवली. "बोअर न्हाई, ही पाती गेली होती. गाडी कोरीच होती. मी न बघता बोललो, आणि चूक कळूनबी गप बसलो. मारायचं तर मला जोडा मारा."

भगवानरावांनी पाती उलटीसुलटी करून बघितली. कुणी त्याला जोडा मारला नाही, बस म्हणूनही कुणी म्हणालं नाही. आठवड्यातच सूर्यभान येऊन कावेरीला घेऊन गेला.

त्या संध्याकाळी सिताराम चंद्रभानच्या ओसरीवर हात जोडून उभा राहिला. चंद्रभाननं त्याच्याकडे बघितलं नाही.

"गाडी नीट झाली, पोरगी नांदायला गेली," तो म्हणाला. "पण सितारामा, माझ्या लेकीनं मला चोर समजून इचारलं रे. ते कसं नीट करायचं?"

आता कुणी गाडी चालू करून सितारामपुढं धरली, की तो आधी ती बंद करायला लावतो आणि मान खाली घालून पाना शोधतो.