कानबाईचे गहू, प्रार्थनेची साखर

खरं सांगायचं तर त्या श्रावणात मला देवाचं नाव घ्यायचाही कंटाळा आला होता. असं लिहू नये, पण खोटं तरी कशाला लिहू? अंधारात उठायचं, भाकरी थापायच्या, ह्यांच्या इंजेक्शनची डबी भरायची आणि पहिली एस.टी. पकडायची. दिवसभर कुठल्या तरी गिरणीच्या ओट्यावर बसून राहायचं. संध्याकाळी घरी येऊन देवापुढे हात जोडले की डोळे मिटायचे, पण ते भक्तीनं नव्हे, झोपेनं. आमचं घर प्रकाशाला. लोक लांबून लांबून तापीवर अंघोळीला येतात, केदारेश्वराचं दर्शन घेतात, आणि मी त्याच गावात राहून महिना महिना देवळाची पायरी चढत नव्हते. गुडघे आधी एस.टी.च्या पायऱ्यांनीच संपायचे.

ह्यांचं काम गिरण्यांचं. पिठाच्या गिरणीचे दगड दळून दळून गुळगुळीत होतात, मग पीठ गरम आणि भरड निघायला लागतं. तेव्हा वरचा दगड उचलून बाजूला घ्यायचा आणि हातोडी-टाकीनं दोन्ही दगडांवर पुन्हा बारीक खाचा पाडायच्या. ह्याला टाकी लावणं म्हणतात. पन्नास वर्षं हेच केलं ह्यांनी. हातांवर पोलादाचे कण रुतून काळे ठिपके झालेत, ते आता कातडीचाच भाग आहेत. कानांनी कमी ऐकू येतं. सारंगखेडा, पुरुषोत्तमनगर, तळोदा, पार नवापूरच्या डोंगरापर्यंत गिरणीवाले ह्यांनाच बोलावतात, कारण नवं कोणी हे काम शिकत नाही. मुलं लहान होती तेव्हा मी घरी असायची, हे एकटे जायचे. मग साखरेचा आजार आला, सुई लागली, आणि एकदा हे एका गिरणीत काम करता करता घामाघूम होऊन आडवे झाले. मुलगा नाशिकला असतो. तो फोनवर म्हणाला, "आई, एक तर बाबांचं काम बंद कर, नाहीतर त्यांच्याबरोबर जा." बंद करणं माझ्या हातात नव्हतं, म्हणून मी निघाले.

पहिल्या दिवशी हे रागावले होते. "तू घर ऱ्हाय. मी काय लहान पोऱ्या शे का?"

मी म्हटलं, "पोऱ्या बरा! भूक लागनी ते रडस तरी."

त्यावर हे हसले आणि माझी पिशवी स्वतः उचलली. पण पहिल्या दिवसाचं हसू किती दिवस पुरणार? दोन वर्षं झाली तेव्हा मला त्या पिशवीचा, त्या ओट्यांचा, पिठाच्या वासाचासुद्धा वीट आला होता. मनात एकच गोष्ट घट्ट धरून होते, की मी आहे म्हणून हे आहेत. पिशवीत भाकरी आणि खडीसाखरेची डबी माझ्या हातानं ठेवलेली असते, म्हणून हा माणूस संध्याकाळी घरी परत येतो. ह्या विचाराचा आधार वाटायचा, आणि ओझंही त्याचंच व्हायचं.

आता कानबाईचं सांगते. आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू वेगळे काढायचे. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक माणसामागे सव्वा मूठ, आणि एक कानबाईची. आमच्या सात होतात: ह्यांची, माझी, मुलाची, सुनेची, दोन नातवंडांची आणि तिची. हे गहू निवडून, सोवळ्यात दळायचे. त्यांना उष्ट्याखरकट्याचा हात लागू द्यायचा नाही. त्यांचे रोट फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. आणि आमच्या लग्नापासून ह्यांचा एक हट्ट आहे. कानबाईचं पीठ ज्या दगडांना ह्यांनी स्वतः नुकतीच टाकी लावली असेल, त्याच दगडांवर दळायचं. टाकी लावल्यावर दगड कोरा असतो. आधी पायलीभर भरड दळून कच काढून टाकायची की त्याच्यासारखी स्वच्छ गिरणी दुसरी नाही. म्हणून ते गहू ह्यांच्या कामाबरोबर गावोगाव फिरतात.

त्या वर्षी नेमकं शनिवारी, म्हणजे कानबाईच्या आदल्या दिवशी, नवापूरच्या पुढं एका पाड्यावरच्या गिरणीचं काम आलं. मी म्हटलं, नको. हे म्हणाले, शब्द दिला आहे. निघालो. माझ्याकडे दोन पिशव्या होत्या, एक भाकरीची, एक गव्हांची. नवापूरच्या स्टँडवर ह्यांनी सुई टोचून घेतली. सुईनंतर अर्ध्या तासात पोटात काही जायला हवं. मी भाकरी सोडणार तोच पुढची गाडी लागली आणि आम्ही धावत चढलो. म्हटलं, उतरल्यावर झाडाखाली बसून खाऊ. गाडीत गर्दी. गव्हांच्या पिशवीला भाकरीच्या पिशवीचा स्पर्श नको म्हणून मी भाकरीची पिशवी वरच्या फळीवर ठेवली आणि कानबाईचे गहू मांडीवर, पदराखाली, तान्ह्या लेकरासारखे धरून बसले. फाटा आला. कंडक्टर ओरडला. मी एका हातानं ह्यांना धरलं, दुसऱ्या हातानं गहू धरले आणि उतरले.

गाडी वळणाआड गेल्यावर हे म्हणाले, "भाकरीनी पिशवी कोठे शे?"

मी वळणाकडे पाहिलं. देवीचे गहू छातीशी होते आणि ज्यावर ह्यांचा जीव, ती पिशवी गाडीत राहिली होती.

"गाडीमा राही गयी ना?" हे म्हणाले. "जाऊ दे. गाव जोडेच शे. चाल."

गाव जवळ नव्हतं. चढाचा रस्ता, भिजलेला, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं. मोबाइलला रेंज नाही. मी सारखी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. आधी ह्यांचं बोलणं थांबलं. मग कपाळावर घाम आला. मग पाय वाकडे पडायला लागले. एका मोटारसायकलवरून दोघे जण गेले, त्यांतला मागचा ओरडला, "बाबा, सकाळीच?" आणि हसत निघून गेले. ह्यांना चढली आहे असं वाटलं त्यांना. ज्या माणसानं उभ्या जन्मात थेंब घेतला नाही, त्याला असं बोललेलं ऐकून मला रडू आलं, पण रडायलाही सवड नव्हती. हे तिथंच, रस्त्याच्या कडेला, बसता बसता कोसळले. त्यांना सावरायला गेले तशी माझ्या हातातली पिशवी सुटली आणि सातही मुठी चिखलात पसरल्या.

तेव्हा मी कानबाईला हाक मारली. हाक कसली, भांडलेच. म्हटलं, तुझे गहू सांभाळले ना मी? मग हे काय? आणि मग म्हटलं, आता माझ्याकडे काही नाही. भाकरी नाही, साखर नाही, अंगात जोर नाही. तुझं तू बघ. ह्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि बसून राहिले. इतकी थकले होते की घाबरण्याइतकीही ताकद उरली नव्हती.

चढावरून एक बाई येत होती. चाळिशीची असेल, डोक्यावर छत्री, हातात प्लॅस्टिकची पिशवी. तिनं लांबूनच पाहिलं आणि छत्री तशीच टाकून धावत आली. ह्यांच्या कपाळाला हात लावला, म्हणाली, "आजी, साखरेचा आजार आहे ना? माझ्या बापाला असंच व्हायचं." मी मान हलवली. तिनं पिशवीतून साखरेचा पुडा काढला, दातांनी फाडला, चिमूट चिमूट करून ह्यांच्या गालाच्या आत चोळली. रस्त्याच्या खाली दोन पावलांवर, झाडीआड, तिचं घर होतं. तिथून पाणी आणलं, आणि हे गिळायला लागले तसं साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. एक हात ह्यांच्या डोक्यावर ठेवून ती डोळे मिटून आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती. मला त्यातला शेवटचा 'आमेन' तेवढा कळला.

किती वेळ गेला कोण जाणे. ह्यांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "गिरणी उनी का?"

ह्यांच्या डोक्यात अजून गिरणीला पोचायचंच होतं. ती बाई हसायला लागली, आणि मी मात्र तेव्हा रडले.

तिचं नाव मार्थाबाई. तिनं आम्हाला घरी नेलं, भात आणि तुरीची डाळ वाढली. मी पुड्याबद्दल विचारलं तेव्हा सहज म्हणाली, "उद्या रविवार ना. प्रार्थना झाल्यावर सगळ्यांना चहा असतो. या खेपेला साखरेची पाळी माझी. दुकानातून तीच घेऊन येत होते."

मी म्हटलं, "अगं, म्हणजे देवाच्या कामाची साखर!"

"हो. मग देवाच्याच कामाला लागली की," ती म्हणाली आणि ह्यांना आणखी भात वाढायला उठली.

माझ्या हातातला घास हातातच राहिला. तिच्याही हातात देवाची वस्तू होती, माझ्याही होती. तिची उद्यासाठी होती, माझीही उद्यासाठीच होती. माझी वस्तू जपता जपता मी नवऱ्याची भाकरी दूर फळीवर ठेवली, आणि तिनं आपली वस्तू अनोळखी म्हाताऱ्यासाठी दातांनी फाडली. तिनं क्षणभरही विचार केला नाही. हे काही ती मला शिकवत नव्हती. ती डाळ वाढत होती.

जेवून बाहेर आले तर ती सूप घेऊन रस्त्याच्या कडेला उकिडवी बसलेली, चिखलातले गहू वेचत होती. मीही शेजारी बसले. मी तिला कानबाईचं सगळं सांगितलं, सोवळ्याचं, मुठींचं. तिनं हात मागं घेतला. म्हणाली, "मग माझा हात चालेल का?" मी काही बोलायच्या आत पुन्हा म्हणाली, "आणि पाच-सहा दाणे आमच्या कोंबडीनं खाल्ले. देवी तिच्यावर रागावेल का हो?" मला हसू फुटलं. पण मन अजून चिकटलेलंच होतं. चिखलात पडलेले, पुन्हा धुतलेले गहू कानबाईला कसे चालतील? ओसरीवर बसलेल्या ह्यांना मी विचारलं.

हे म्हणाले, "मी बी त्याच चिखलमा पडनू. मग माले घर लई जाशी का आठेच ठेवशी?"

मी सूप उचललं आणि पाण्याकडे निघाले.

गहू धुऊन चुलीच्या उबेला परतून कोरडे केले. पुन्हा मुठीनं मोजले तर सहाच भरल्या. एक कमी. मार्थाबाई आत गेली, डब्यातून ओंजळभर गहू घेऊन आली. त्यांच्याकडे भाताचं पीक, गहू विकत आणून पाहुण्यांसाठी ठेवलेले. "हे घ्या, चालत असतील तर." आमच्या घरात आजवर बाहेरचा दाणा कानबाईच्या रोटात पडलेला नव्हता. सासूबाई असत्या तर त्यांनी मला उंबऱ्याबाहेर उभं केलं असतं. मी पदर पसरला आणि घेतले. आयुष्यभर मी देवापुढे पदर पसरत आले होते, पण काही घ्यायला तो पसरतात हे त्या दिवशी कळलं.

दुपारी गावात पोचलो, ह्यांनी गिरणीवर बसून हळूहळू टाकी लावली, मी दगडावर पाणी मारत बसले. कच काढून टाकली आणि ते सात मुठी गहू दळले. परत येताना तीच गाडी मिळाली. कंडक्टरनं पिशवी पुढं केली. "आजी, तुमचीच ना? मुंग्यांनी खाल्लं, मी नाही हां!" खडीसाखरेची डबी मुंग्यांनी काळी झाली होती. दोन वर्षं मला वाटत होतं की हा माणूस ह्या डबीवर जगतो.

दुसऱ्या दिवशी कानबाई बसली. रोट झाले. रोट खाताना कोणाच्या दाताखाली कच आली नाही, एवढंच सांगते. बाकी काय होतं, कोणी घडवलं, कानबाईनं की मार्थाबाईच्या येशूनं, हे मला विचारू नका. त्या दोघांचं त्यांना माहीत. मला एवढंच माहीत आहे की माझे हात रिकामे झाले त्या वेळी समोरून भरलेला हात आला.

आम्ही अजून फिरतो. माझे गुडघे बरे झाले नाहीत, ह्यांचा आजार गेला नाही, पहाट तशीच होते. थकवा आहेच. पण आता एस.टी.त मी झोपते. पूर्वी सारखी ह्यांच्या कपाळावरचा घाम बघत जायची. आता भाकरीची पिशवी मांडीवर घेते, गव्हांची तिच्याच शेजारी, दोन्ही चिकटून, आणि डोळे मिटते. माझ्याकडून जे व्हायचं ते मी करते. पुढचं माझ्या मुठीत नाही, हे आता मला टोचत नाही, बरं वाटतं.

यंदा श्रावणात गहू मोजत होते. शेजारी जाऊ बसली होती. सात झाल्या, मी आठवी घेतली. ती लगेच म्हणाली, "हाई आठवी कोनी व? सून पोटुशी शे का?"

मी म्हटलं, "नही. नवापूरकडे मन्हं एक माणूस शे."

मी ती मूठ भरली, वरून आणखी चार दाणे टाकले, आणि पिशवीचं तोंड बांधलं.